बदलीचा नेम

माझा आवाज मोठा आहे, हे मला मान्य आहे. नांदगाव खंडेश्वरच्या एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. मी काउंटरवरून बोलायला लागले की स्टँडवरच्या कंट्रोलरला बसची घोषणा दोनदा करावी लागते, असं शेजारचा ओमप्रकाश हॉटेलवाला सांगत फिरतो. त्याच्याकडून मला दिवसाला आठ कप चहा येतो, म्हणून मी त्याचं ऐकून घेते. माझं माहेर अकोल्याचं. आमच्या गीतांजलीनं अकोल्याचं ऊन डोक्यात भरून आणलं, असं सासरचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

मेडिकलमध्ये माझा एक नियम होता. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या आणि त्यानंतर पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची आहे अशा सात बाया माझ्याकडे यायच्या. महिना संपला की त्यांनी रिकामी पाकिटं मला दाखवायची, मगच नवीन मिळायची. रिकामं नाही तर नवीन नाही. हा नियम काही मी हौसेनं केला नव्हता. कौशल्याताई म्हणून एक होत्या. दीड वर्ष दर महिन्याला येऊन गोळ्या न्यायच्या, हसून बोलायच्या. आजार हाडांत उतरला तेव्हा त्यांच्या मुलीला गव्हाच्या कोठीमागे न फोडलेली पाकिटं सापडली. तिनं ती माझ्या काउंटरवर आणून ठेवली आणि निघून गेली. इतकी वर्षं दुकान चालवून मला फक्त गोळ्या देता येत होत्या, त्या पोटात जातात की नाही हे पाहता येत नव्हतं, याची मला त्या दिवशी फार लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला.

सात जणींत माणिकबाई माझी सगळ्यात लाडकी. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा उत्तमराव आणि ती मिळून गावाबाहेरच्या दोन एकरांत झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला काढायचे. केमोत तिचे सगळे केस गेले होते. ते परत आले तेव्हा पूर्वीपेक्षा दाट आले, आणि तेव्हापासून तिच्या अंबाड्यात रोज एक फूल असायचं, हंगामात जे असेल ते. डोक्याला फडकं बांधून फुलं विकायचे दिवस तिनं काढले होते. त्यामुळे ते एक फूल तिला किती प्यारं होतं, हे विचारायची गरज नव्हती.

तिची रिकामी पाकिटं पाहत राहावी अशी असायची. दहा दिवस कनवटीला राहून वाकडी झालेली, कोपऱ्यांना हळद, मागच्या चांदीवर झेंडूच्या चिकाचे बोटांचे ठसे. दर महिन्याला अशी तीन पाकिटं ती काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या मॅडम, मोजून घ्या." मी मोजायचे. मग थोडं ओरडायचे, कारण बाकीच्यांवर ओरडून तिला तसंच सोडलं तर तिला वाईट वाटलं असतं.

चौथ्या वर्षी श्रावणात ती आली. तीन रिकामी पाकिटं ठेवली. मी मोजायला उचलली आणि हात थांबला.

पाकिटं सरळ होती. हळदीचा डाग नाही, चिकाचा ठसा नाही. दहाही भोकं एकाच बाजूनं, एकाच जोरानं पाडलेली, तुरीच्या शेंगा सोलाव्यात तशी. रोज एक याप्रमाणे दहा दिवसांत रिकामं झालेलं पाकीट असं दिसत नाही. हे एका बैठकीत रिकामं झालं होतं.

मी वर पाहिलं. माणिकबाई बसच्या पाटीकडे पाहत होती.

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, आणि हे इतकं नवलाचं होतं की ओमप्रकाशनं हॉटेलातून डोकं काढून पाहिलं. मी मुकाट्यानं नवीन तीन पाकिटं दिली. ती गेल्यावर मात्र चहा दोनदा गार झाला. कौशल्याताईंनी निदान पाकिटं लपवली होती. हिनं तर मला दाखवायला गोळ्या काढून टाकल्या होत्या. म्हणजे माझ्या नियमानं तिला गोळी घ्यायला शिकवलं नव्हतं, मला फसवायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढून तिच्या मळ्यावर गेले. बायका झेंडू तोडत होत्या. माणिकबाई बांधावर बसून बोटं चोळत होती. मला पाहून उठली. चेहरा उतरला, पण पळाली नाही.

"गोळ्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"या, घरात हायेत," ती म्हणाली.

मळ्यातच तिचं तीन खोल्यांचं घर. देवघरात विठ्ठल-रुक्मिणीच्या फोटोपुढं एक पितळी वाटी होती. तिच्यात तीस गोळ्या, पिवळ्या, चण्याच्या डाळीएवढ्या. तिची सून प्रतीक्षा तिथंच वाती वळत बसली होती, सहावा महिना सरत आलेलं पोट सांभाळत. दारात उत्तमराव येऊन उभे राहिले. आतल्या खाटेवर माणिकबाईची सासू चतुराबाई, ऐंशीच्या पुढची, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

"हे काय आहे माणिकबाई?"

"नेम हाय मॅडम. चातुर्मासाचा."

चातुर्मासात आमच्याकडे बाया काही ना काही सोडतात. कोणी वांगं, कोणी गूळ, कोणी पलंगावर निजणं. देवापुढं सांगायचं, अमुक सोडलं, माझं अमुक एवढं कर. कार्तिकापर्यंत पाळायचं आणि मग नेम सोडायचा. हे मला ठाऊक होतं. औषध सोडल्याचं मात्र मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"सप्त्यात महाराजांनी सांगतलं," माणिकबाई म्हणाली, "का वांगं सोडून देवाले काहून फसोता? वांगं तं अर्धा गाव सोडते. जे सोडाचं भेव वाटते ना, थे सोडा. मंग मी इचार केला, मले काय सोडाचं भेव वाटते? तुमीच तं सांगून राहिल्या तीन वर्सांपासून, एक दिवस बी चुकली तं थो परत येईन. मले हे गोळी सोडाचंच भेव वाटते, बाकी कायचंच नाई."

"आणि मागितलं काय?"

तिनं प्रतीक्षाकडे पाहिलं नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना कळलं. प्रतीक्षाचे दोन गर्भ आधी गेले होते, दोन्ही पाचव्या महिन्याच्या आत. जीवन, माणिकबाईचा मुलगा, दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला होता, हे स्टँडवरच्या सगळ्यांना माहीत होतं.

"मी म्हटलं देवाले, माही गोळी घे, तिचं लेकरू ठेव. माहं काय, मी खाल्लं पेलं. अन् पाहा, यावेळी टिकलं."

मला राग आला. आला म्हणजे किती, तर मी त्या घरात पाहुणी आहे हेही विसरले. मी म्हटलं, ज्या लेकरासाठी गोळी सोडली त्याच लेकराला ही गोळी वाईट, पोटुशा बाईनं हिला हातही लावू नये, आणि तुम्ही ती उघड्या वाटीत तिच्या पुढ्यात मांडून ठेवली. मी वाटी उचलून पर्समध्ये रिकामी केली. प्रतीक्षा घाबरून मागं सरकली. माणिकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली नाही.

"वाटी न्या तुमी. मले नाई माईत होतं थे. पण गोळी मी खात नाई. नेम मोडला अन् लेकराले काई झालं, तं मी कोणाले तोंड दाखवू?"

पंधरा वर्षं औषध विकताना मी असा रोगी पाहिला नव्हता, जो औषध विसरला नव्हता, कंटाळला नव्हता, ज्यानं ते जाणूनबुजून आपल्या जिवासकट देवापुढं ठेवलं होतं. आणि त्या गोळीला एवढं मोल आलं होतं ते माझ्याच आरडाओरड्यामुळे. मी तिला इतकं भेव घातलं नसतं तर तिनं वांगंच सोडलं असतं.

मी खाली बसले. तेव्हा पहिल्यांदा तिच्या बोटांकडे नीट पाहिलं. पेरं सुजलेली. मूठ पुरती मिटत नव्हती.

"हे कधीपासून?"

"गोळी चालू झाल्यापासून. सकायी बोटं उघडतच नाईत, फुलं तोडाले दुसऱ्या बाया लावा लागतात. आता महिनाभर गोळी नाई तं जरासं हलकं हाय."

तीन वर्षं मी पाकिटाची भोकं मोजत होते. ते पाकीट फोडणारी बोटं मी एकदाही पाहिली नव्हती. मला स्वतःचाच संताप आला.

"झालं का तुमचं?" आतून चतुराबाई म्हणाली. "मले उठवा."

उत्तमरावांनी तिला धरून आणलं. ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे मेडिकलवाली? आवाज लय मोठा हाय."

"हो आजी."

"नेम मोडता येत नाई. पण बदलता येते. माह्या सासूनं जमिनीवर निजाचा नेम धरला होता. तिचं कंबरडं मोडलं. मंग माह्या जावेनं थो नेम आपल्यावर घेतला, अन् सासू खाटीवर निजली. देवाले हिशेब बरोबर लागते. कोणं दिला, हे थो नाई पायत. फक्त दोन गोष्टी पाह्यजेत. घेणारं माणूस घरचं पाह्यजे, अन् नेम तितकाच जड पाह्यजे."

"मंग मी घेतो," उत्तमराव पुढं सरसावले. "तंबाखू सोडतो."

"थे तं तू दर सोमवारी सोडतं," चतुराबाई म्हणाली. उत्तमराव मागं गेले.

मी पुढं जे बोलले ते का बोलले, हे मला आजही नीट समजत नाही. माझा नेमाधर्मावर विश्वास नाही. घरात देव आहेत, त्यांना फूल वाहते, तेवढंच. पण मला त्या बाईच्या पोटात गोळी गेलेली पाहायची होती, आणि तिथवर जायला हा एकच रस्ता उघडा दिसत होता.

"मी घेते," मी म्हटलं.

"तू घरची कायची?" चतुराबाई म्हणाली. "कदी जेवली काय आमच्या घरी?"

"नाही."

"मंग जेव. प्रतीक्षा, ताट कर."

"मी कारलं सोडते," मी घाईनं म्हटलं. "चार महिने. नाव घेणार नाही."

"पयले जेव."

ताट आलं. भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा आणि कारल्याची भाजी. मी भाकरी ठेच्याला लावून खाल्ली, वरण प्यायले. कारलं ताटाच्या कडेला गेलं. कसं गेलं ते मलाच कळलं नाही, ते लहानपणापासून तसंच जातं. चतुराबाईचे डोळे ताटावर होते.

"कारलं तं तू तसंई खात नाई. अन् देवाले देऊन राहिली? माह्या सुनेनं जीव ठेवला त्याच्यापुढं, अन् तू ताटातला कचरा." ती पुढं वाकली. "सकायी डोळा उघडला का पयले काय आठोते तुले?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. पण त्या म्हातारीपुढं ते जमलं नाही.

"चहा," मी म्हटलं.

"किती पेतं?"

"आठ कप. कधी दहा."

"कार्तिकापर्यंत," चतुराबाई म्हणाली, आणि भिंतीला टेकली. विषय संपला.

माणिकबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिनं मला कितीदा काउंटरवर पाहिलं होतं, एका हातात कप आणि एका हातात चिठ्ठी. "मॅडम, तुमाले नाई जमनार," ती हळूच म्हणाली.

मला असं कोणी म्हटलं की संपलं. मी देवापुढं हात जोडले, चहाचं नाव घेतलं, आणि पर्समधून नवीन पाकीट काढून तिच्यापुढं धरलं. तिनं हात धुतले. एक गोळी काढली, कपाळाला लावली आणि तांब्याभर पाण्यानं गिळली. मग अंगणात जाऊन खूप वेळ उभी राहिली.

त्याच दुपारी मी अमरावतीला तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि बोटांचं सांगितलं. त्यांनी बोलावलं, तपासलं, त्याच कामाची दुसरी गोळी सुरू केली, हाडांसाठी आणखी एक दिली, आणि पहाटे फुलं तोडायच्या आधी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडमीट करायला सांगितलं. महिनाभरानं तिची मूठ मिटायला लागली. एका फोनचं काम होतं. तो फोन मी तीन वर्षांपूर्वी करू शकले असते, हे मी कोणाला सांगितलं नाही. आता लिहिते आहे.

पाकिटं दाखवायचा नियम मी तिच्यापुरता मोडीत काढला. त्याऐवजी तिनंच एक सोय केली. उत्तमराव रोज सकाळी फुलांची गाठोडी घेऊन स्टँडवर यायचे, तेव्हा माझ्या दुकानाच्या देवांसाठी फुलपुडा टाकून जायचे. गोळी घेतली की त्या पुड्यात वरती एक लाल झेंडू. बाकी पिवळी फुलं, वर एक लाल. मी सकाळी शटर उघडलं की आधी तो लाल झेंडू पाहायचे, मग दिवस सुरू.

दिवस सुरू व्हायचा म्हणजे काय, ते माझं मलाच माहीत. पहिले पाच दिवस डोकं असं दुखलं की माझ्याच दुकानातल्या गोळ्या मीच खाल्ल्या. ओमप्रकाशनं चार वेळा विचारलं की काय भांडण झालं का. मी ज्यांच्यावर कधी ओरडले नव्हते त्यांच्यावरही ओरडले, त्यात एक पोलीस होता. घरी सासूबाई सकाळी आलं कुटायला लागल्या की मी गच्चीवर जायचे. गणपती गेले, पोळा त्याआधीच गेला होता, महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर सगळ्यांच्या हातात कप आणि माझ्या हातात पाणी. लोकांना वाटलं मधुमेह झाला. मी वाटू दिलं.

आणि रोज सकाळी एक लाल झेंडू.

आश्विनात एका मंगळवारी ओमप्रकाशच्या नव्या पोऱ्यानं, त्याला माहीत नव्हतं म्हणून, माझ्या काउंटरवर कप आणून ठेवला. आल्याचा, साय धरलेला. दुकानात कोणी नव्हतं. मी तो उचलला. ओठापर्यंत नेला. वास आत गेला, आणि मला खरंच वाटलं की एका घोटानं कोणाचं काय बिघडणार आहे. मग लाल झेंडू दिसला. मी चहा नालीत ओतला, कप विसळून परत पाठवला आणि स्वतःच्या मूर्खपणावर हसले.

बुधवारी सकाळी फुलपुडा आला नाही.

मी दहापर्यंत वाट पाहिली. अकराला माणिकबाईचा फोन लागला. ती अमरावतीच्या दवाखान्यात होती. प्रतीक्षाला पहाटेच त्रास सुरू झाला होता, दिवस भरायला अजून सहा आठवडे होते. डॉक्टरांनी आत नेलं होतं. जीवन कागदांवर सह्या करत फिरत होता.

"मॅडम," माणिकबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की मी फोन कानात खुपसला. "एक इचारू? खरं सांगसान?"

"विचारा."

"तुमी चाय पेली काय?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. आदल्या दिवशी मी तो घोट घेतला असता तर मी या बाईला काय सांगितलं असतं? खरं सांगितलं असतं तर तिनं गोळी कायमची सोडली असती. खोटं सांगितलं असतं तर तिनं ओळखलं असतं, मी जशी पाकिटं ओळखली तशी.

"नाही," मी म्हटलं. "एक घोट नाही. काल कप ओठापर्यंत नेला होता, तेही सांगते. पण प्यायले नाही. ओतून दिला."



"गोळी सकायपासून हातात धरून हाय," ती म्हणाली. "घामानं वली झाली. मले वाटलं, नेम कोठं तरी बिघडला असन. खाऊ काय?"

"ती टाका, दुसरी काढा आणि खा."

पाकिटाचा कडक् आवाज आला. मग पाण्याचा. मग ती म्हणाली, "खाल्ली."

मी तिन्ही गिऱ्हाइकांना औषधं दिली, शटर ओढलं आणि समोर लागलेल्या अमरावती बसमध्ये चढले. तासाभराचा रस्ता, पण मला तो अकोल्यापर्यंत लांबल्यासारखा वाटला. माझ्या चहाचा आणि त्या लेकराचा काही संबंध नाही, हे मी स्वतःला पंधरा वेळा बजावलं. डॉक्टर आहेत, मशीन आहेत, चौतिसाव्या आठवड्याची मुलं छान जगतात. सगळं खरं. तरी मी आयुष्यात कधी इतकी मनापासून खूश झाले नव्हते, एक कप न प्यायल्याबद्दल.

दुपारी साडेतीनला मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवायला नेताना ती अशी रडली की वॉर्डातल्या दोन बाया उठून बसल्या. माणिकबाईनं माझा हात धरला होता, आणि तिची पकड मला दुखत होती. मूठ पुरती मिटली होती तिची.

"आवाज मॅडमवर गेला," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या व्हरांड्यात वेड्यासारख्या हसलो आणि रडलो.

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा भरली. चतुराबाईनं हुकूम काढला होता की नेम तिथंच सुटेल. वर्धा नदीच्या काठी तीन दगड मांडून तिनं स्वतः चहा केला. साखर किती टाकली याचा अंदाज नव्हता, धूर डोळ्यांत जात होता, दूध करपलेलं होतं. माणिकबाईनं कप माझ्या हातात दिला. मी पहिला घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काहून, चांगली नाई झाली काय?" उत्तमरावांनी विचारलं.

"इतका चांगला चहा मी प्यायलेच नाही," मी म्हटलं, आणि तो करपट चहा तीन कप प्यायले.

त्यानंतर दुकानात माझी पद्धत बदलली. आता बाई आली की मी आधी तिचे हात पाहते. झोप लागते का विचारते, अंगातून वाफा निघतात का विचारते, घरात काय चाललंय विचारते. पाकीट शेवटी. आणि कोणता नेम धरला, हे आषाढातच विचारून ठेवते. ओरडते अजूनही, पण नंतर.

यंदा आषाढात माणिकबाईची पाच वर्षं पुरी झाली. अमरावतीला सगळ्या तपासण्या झाल्या, काही नाही निघालं, आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. ती थेट बसमधून उतरून माझ्याकडे आली. काउंटरवर एक पाकीट ठेवलं. वाकडं, हळदीचं, झेंडूच्या चिकानं काळपट झालेलं. दहा भोकं.

"घ्या मॅडम, मोजून घ्या."

मी मोजली. मग काउंटरच्या बाहेर आले, स्टँडकडे तोंड केलं आणि देवानं दिलेल्या आवाजात सांगितलं की माणिकबाईची पाच वर्षं पुरी झाली, एक महिना सोडून एक दिवस चुकली नाही, आणि आज सगळ्यांना चहा माझ्याकडून. यवतमाळच्या बसमधले लोक खिडक्यांतून पाहायला लागले. कंट्रोलरनं बसची घोषणा अर्धवट सोडली आणि भोंग्यावरून म्हणाला, "माणिकबाईचं अभिनंदन." ओमप्रकाश किटली घेऊन धावला. ते पाकीट मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं. अजून तिथंच आहे.

गर्दी पांगल्यावर मला दिसलं. माणिकबाईचा अंबाडा रिकामा होता. झेंडूच्या मळ्याची मालकीण, एवढा मोठा दिवस, आणि केसांत फूल नाही.

"फूल कुठं?" मी विचारलं.

ती बाजूला सरकली. तिच्या मागं पौर्णिमा उभी होती, आमच्या अंगणवाडीतली, वय अडतीस. माझ्या यादीतली सगळ्यात नवी. सहा महिने गोळ्या घेऊन दोन महिन्यांपासून गायब झाली होती. मी दोनदा घरी जाऊन आले होते, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं होतं, तिनं दार अर्धंच उघडलं होतं. थकले मॅडम, एवढंच म्हणाली होती.

"एकादशीपासून फूल सोडलं," माणिकबाई म्हणाली. "कार्तिकापर्यंत. आमची म्हातारी म्हणे, सवाशिनीनं फूल सोडू नाई. मी म्हटलं, तुमीच तं सांगतलं, जड पाह्यजे. मंग चूप झाली." तिनं पौर्णिमाच्या पाठीवर हात ठेवला. "इले काल घरी जेवाले बसोलं. इले म्हटलं, तू काई सोडू नको बाई. सोडाचं काम माहं. तू फक्त गोळी खाय."

पौर्णिमा त्या रिकाम्या अंबाड्याकडे पाहत होती. केमोनंतर तिचे स्वतःचे केस अजून बोटभरच होते.

"रोज सकाळी येते माझ्याकडं," ती मला म्हणाली. "तशीच, बिनफुलाची. काही बोलत नाही. नुसती उभी राहते. कसं नाही म्हणू मी?"

मी पाकीट काढलं, ग्लासात पाणी ओतलं आणि पुढं केलं. पौर्णिमानं गोळी काढली आणि घेतली. माझ्या फुलपुड्यात सकाळचा एक लाल झेंडू उरला होता. तो मी माणिकबाईला देणार होते, पण तिनं मान हलवली, तो उचलला आणि पौर्णिमाच्या बोटभर केसांत कसाबसा खोवला.